जुना पंप, नवी किंमत

अमेरिकेतला डिझेल पिकअपचा शहाणा मालक गाडीत सुधारणा करतो म्हणजे काय करतो? कंपनीनं बसवलेला नवा पंप काढतो आणि कंपनीनंच रजा दिलेला जुना पंप बसवतो. त्यासाठी दोन-तीन हजार डॉलर मोजतो, मेकॅनिकची मजुरी वेगळी देतो आणि संध्याकाळी शेजाऱ्याला बॉनेट उघडून अभिमानानं दाखवतो. शेजारी हळहळतो. त्याच्या गाडीत बिचाऱ्याच्या अजून नवाच पंप आहे!

थट्टा वाटेल, पण टेक्सासपासून मोंटानापर्यंत हा रीतसर धंदा आहे. पंप, ब्रॅकेट, नळ्या, वायरिंग, सगळं एका खोक्यात बांधून मिळतं. खोक्यावर भविष्यकाळ छापलेला असतो, आत भूतकाळ असतो.

आपल्याकडे पिकअप म्हटली की भाजीच्या क्रेटांनी वाकलेली, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेली गाडी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतली अवजड पिकअप वेगळ्या घराण्यातली. साडेसहा लिटरच्या पुढचं इंजिन, मागे घोड्यांचा ट्रेलर, बोट, नाहीतर अख्खं फिरतं घर. २०१९ च्या रॅम पिकअपची जाहिरात आठवा: हजार पाउंड-फूट टॉर्क आणि पस्तीस हजार पाउंडांहून जास्त, म्हणजे जवळपास सोळा टन ओढण्याची ताकद. एवढा पैलवान गडी कशानं आडवा झाला, तर हातात मावणाऱ्या एका पंपानं.

आता थोडं गॅरेजमध्ये डोकावू. डिझेल गाडीत पंप दोन लागतात. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा एक. आपले मिस्त्री त्याला फीड पंप म्हणतात. तेच डिझेल भयंकर दाबानं नोझलकडे पाठवणारा दुसरा. हा दुसरा महाग, नाजूक आणि मानी. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याला वंगण वेगळं मिळत नाही. जे डिझेल तो दाबतो त्याच्यावरच त्याचे भाग सरकतात आणि तेच त्याला थंडही ठेवतं. डिझेल कमी पडलं, त्यात हवा धरली, पाणी आलं किंवा ते कोरडं, म्हणजे वंगण कमी असलेलं, निघालं, की पंप स्वतःलाच खायला लागतो.

बॉश कंपनीचा सीपी-३ हा असाच एक पंप. तीन पिस्टनचा, जाडजूड, गरीब स्वभावाचा. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनात तो २००१ पासून होता, रॅमच्या कमिन्स इंजिनात २००३ पासून. नाव घेण्यासारखी तक्रार नव्हती. आणि तक्रार नसलेली वस्तू कंपन्यांना फार काळ बघवत नाही.

मग आला सीपी-४. बॉशचाच. तीनऐवजी दोन पिस्टन, वजन कमी, इंजिनाची ताकद कमी खाणारा आणि दाब दोन हजार बारपर्यंत नेणारा. दोन हजार बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट. कागदावर सगळं झकास. जनरल मोटर्सनं २०११ च्या ड्युरामॅक्समध्ये तो घेतला, फोर्डनं २०११ च्याच ६.७ लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये घेतला. एक पिस्टन वाचला! अमेरिकन वाहन उद्योगाच्या इतिहासात एवढा महाग पडलेला वाचलेला पिस्टन दुसरा नसेल.

घोळ कुठे झाला? पंपात एक कॅम फिरतो, त्याच्यावर रोलर फिरतो आणि रोलरच्या वाटीवरून पिस्टन वरखाली होतो. रोलर कॅमशी सरळ रेषेत असेल तोवर सगळं ठीक. पण मूळ रचनेत ती वाटी आपल्या भोकात वळू नये, यासाठी पक्की खीळ नव्हती. डिझेलमध्ये हवा आली, घर्षण वाढलं, वाटी वळली, की रोलर आडवा होतो. बैलगाडीचं चाक आडवं करून ओढावं तसा तो मग कॅमवर फिरत नाही, घासत जातो. पोलादावर पोलाद. त्यातून निघतो लोखंडाचा बारीक कीस.

हा कीस पंपातच राहिला असता तर पंप बदलून भागलं असतं. पण पंपाच्या पोटातून डिझेल पुढे जातं आणि परतही जातं. पुढे जाणारं कीस घेऊन रेल नावाच्या सामाईक नळीत आणि नोझलमध्ये जातं, परतणारं टाकीत. म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनात आठ इंजेक्टर, दोन रेल, सगळ्या नळ्या, टाकीची सफाई आणि नवा पंप. बिल दहा हजार डॉलरच्या घरात, कधी त्याच्याही वर. मालकाला पूर्वसूचना? बहुतेक वेळा नाहीच. महामार्गावर ऐन वेगात, मागे ट्रेलर असताना इंजिन बंद. स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि खिसा तेवढा हलका.

जनरल मोटर्सनं तर वर कळस चढवला. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्सला कंपनीनं फीड पंपच दिला नाही. पार मागच्या टाकीतलं डिझेल सीपी-४ नं स्वतःच ओढून घ्यायचं. ज्या पंपाला हवेचं वावडं, त्यालाच ओढायला लावायचं. ओढताना एखाद्या सैल जोडातून हवा शिरली तर तोही पंपाचाच दोष. काटकसर असावी, पण ती कुठे करावी याला काही हिशेब? २०१७ च्या नव्या ड्युरामॅक्समध्ये कंपनीनं सीपी-४ सोडला, डेन्सोचा पंप घेतला आणि टाकीत फीड पंपही बसवला. सहा वर्षांनी अक्कल आली; मधल्या सहा वर्षांची फी गिऱ्हाइकानं भरली.

आता दोष कुणाचा? इथून खरा तमाशा सुरू होतो.

मालक वर्कशॉपमध्ये जातो. वर्कशॉप म्हणतं, तुमचं डिझेल खराब. त्यात पाणी होतं. वॉरंटी लागू नाही. मालक पेट्रोल पंपावर जातो. पंपवाला म्हणतो, आज इतक्या गाड्या भरल्या, बाकीच्या चालताहेत ना? मालक विमा कंपनीकडे जातो. ती म्हणते, आधी हे डिझेलमुळे झालं ते सिद्ध करा. वर्कशॉप ठामपणे सांगतं ते विमा कंपनीला पटत नाही, आणि पेट्रोल पंपवाल्याला दोन्ही पटत नाही. कोर्टात गेलेल्या मालकांच्या कैफियती वाचल्या तर हीच वरात पुन्हा पुन्हा दिसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बिल मात्र बरोबर घरच्या पत्त्यावर.

बरं, डिझेलचा दोष अगदीच नाही असंही नाही. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५०० वरून १५ भागांवर आणलं गेलं. फुप्फुसांसाठी आणि धुराड्यातल्या फिल्टरांसाठी उत्तम निर्णय. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगण देणारी संयुगंही जातात. ‘गंधक गेलं म्हणून वंगण गेलं’ असं मिस्त्री म्हणतात ते अर्धंच खरं. वंगणाचं काम गंधक करत नव्हतं; त्याला बाहेर काढताना वंगण करणारेही धक्क्यासरशी बाहेर पडले. म्हणून रिफायनरीनंतर डिझेलमध्ये वंगणाचं रसायन वरून घालावं लागतं.

किती घालायचं, याची परीक्षा मोठी मजेदार आहे. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासायची आणि गोळीवर पडलेला ओरखडा मोजायचा. ओरखडा जितका मोठा, डिझेल तितकं कोरडं. युरोपचं मानक सांगतं, ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत हवा. अमेरिकेचं मानक सांगतं, ५२० मायक्रॉनपर्यंत चालेल. इंजिन बनवणाऱ्यांची अमेरिकेतलीच संघटना ४६० ची शिफारस करत होती. म्हणजे पंप युरोपच्या डिझेलसाठी नाजूक, आणि डिझेल अमेरिकेचं राकट. लग्न जुळवताना पत्रिका कुणी बघितली नाही, असं म्हणावं तर तेही नाही. दोन्ही आकडे छापील होते, दोन्ही पक्षांच्या टेबलावर होते. कोर्टातल्या दाव्यांचा मुख्य मुद्दा हाच होता: या देशात डिझेल कसलं मिळतं हे माहीत असून हा पंप इथे विकला का?

या कोरडेपणावर एक उतारा मात्र नकळत सापडला होता. मिनेसोटा राज्यानं २००५ मध्ये डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल मिसळणं सक्तीचं केलं. हेतू सोयाबीनच्या शेतकऱ्यांच्या भल्याचा. पण एवढ्याशा बायोडिझेलनं डिझेलचं वंगण चांगलंच सुधारतं. म्हणजे डेट्रॉइटच्या आणि जर्मनीच्या इंजिनिअरांना जे जमलं नाही, त्यातला थोडा भाग सोयाबीननं केला. शेतकऱ्यानं स्वतःच्याच पिकाचं तेल भरून स्वतःच्याच पिकअपचा पंप वाचवावा, आणि गाडीची किंमत मात्र पूर्ण मोजावी, हा स्वावलंबनाचा नवा धडा.

कुणी म्हणेल, नव्या तंत्रात चुका व्हायच्याच, पहिल्यांदा होतं असं. पहिल्यांदा? मग जरा १९९८ मध्ये जाऊ.

डॉज रॅमच्या कमिन्स इंजिनात तेव्हा पी-७१०० नावाचा पंप होता. पूर्ण यांत्रिक, इंजिनाच्या ऑइलवर वंगण घेणारा, ट्रकच्या जातीचा. त्याला डिझेल कोरडं की ओलं, याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. धुराचे नियम कडक झाले आणि १९९८ च्या मध्यापासून त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्हीपी-४४ आला. हाही बॉशचा. वंगण डिझेलवर. त्याला डिझेल पुरवणारा फीड पंप कमकुवत, वर तो थरथरत्या इंजिनाला चिकटवलेला. फीड पंप हळूहळू मान टाकायचा, गाडी तरीही चालत राहायची, आणि उपाशी व्हीपी-४४ एक दिवस कायमचा झोपायचा. डॅशबोर्डवर डिझेलच्या दाबाचा काटा नव्हताच. घड्याळ होतं, रेडिओ होता. इंजिन उपाशी आहे हे सांगणारं काही नव्हतं.

त्या मालकांनी काय केलं? काहींनी टाकीजवळ दणकट इलेक्ट्रिक फीड पंप बसवला आणि दाबाचा काटा लावला. बाकीचे हट्टी होते. त्यांनी भंगारातल्या जुन्या गाड्यांचे पी-७१०० काढून नव्या इंजिनावर चढवले. आजही चढवतात आणि त्याला प्रतिष्ठा आहे. पुढे २००३ मध्ये सीपी-३ आला, तेव्हा कुठे कंपनीला आणि मालकांना श्वास घेता आला.

आणि याच रॅमनं २०१९ मध्ये काय केलं? सोळा वर्षं बिनबोभाट चाललेला सीपी-३ काढला आणि सीपी-४ बसवला. जनरल मोटर्सनं तो टाकून दोन वर्षं झाली होती. मालकांचे दावे कोर्टात होते. गॅरेजवाल्यांना पंपाची कुंडली पाठ होती. शेजारच्याला ठेच लागली तर आपण शहाणे व्हावं अशी म्हण आहे; रॅमनं शेजाऱ्याला ठेच लागलेला दगडच उचलून आपल्या दारात आणून ठेवला.

पुढचं सगळं सरकारी दप्तरात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं सहा लाखांहून जास्त रॅम गाड्यांची चौकशी सुरू केली. नोव्हेंबरमध्ये कंपनीनं २०१९ आणि २०२० च्या २,२२,४१० गाड्या परत बोलावल्या. कारण साधं: पंप गेला की धावत्या गाडीचं इंजिन बंद पडतं. तोवर २०२१ च्या नव्या गाड्यांत कोणता पंप आला होता, ओळखा? सीपी-३. दोन वर्षांचा वनवास संपवून तो पुन्हा गादीवर बसला, आणि परत बोलावलेल्या गाड्यांतही त्याचीच स्थापना झाली. जनरल मोटर्सच्या प्रकरणात २०२४ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. ड्युरामॅक्समध्ये सीपी-४ येऊन तोवर तेरा वर्षं उलटली होती. एवढ्या काळात बहुतेक मालकांनी दुरुस्ती केली, गाडी विकली किंवा नशिबाला दोष देऊन विषय संपवला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पी-७१०० बॉशचा, व्हीपी-४४ बॉशचा, सीपी-४ बॉशचा आणि सीपी-३ सुद्धा बॉशचाच. रोग आणि औषध एकाच कारखान्याचं! मालक पहिल्यांदा गाडी घेताना पंपाचे पैसे देतो, आणि दुसऱ्यांदा आधीचा पंप परत मिळवताना. असा धंदा करायला नुसतं तंत्रज्ञान पुरत नाही; गिऱ्हाईकही सोशिक लागतं.

ही नावं आपल्याला परकी नाहीत. बॉश म्हणजे आपली जुनी मायको. नाशिकमध्ये आजही रिक्षावाल्याला ‘मायको सर्कल’ सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही. कमिन्स म्हणजे पुणेकरांना घरचंच नाव. किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची आणि आता मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच नावाचं. त्यामुळे अमेरिकेत हे पंप मरतात त्याचं सुतक आपल्याला नसलं, तरी ओळखीच्या घरातली बातमी म्हणून वाचायला हरकत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं. गंधक दहा लाखांत दहा भाग, अमेरिकेपेक्षाही कमी. पण ओरखड्याची मर्यादा आपण युरोपासारखी ४६० ठेवली. एवढं एक बरं केलं. म्हणून आपल्याकडे कुणी वर्कशॉपवाला ‘काय करणार साहेब, नवं डिझेलच कोरडं’ असं म्हणून हात वर करू लागला, तर त्याला नम्रपणे आठवण करून द्या की मानक कोरडं नाही. डिझेलमध्ये रॉकेल मारणारे मात्र आपल्याकडे आहेत, आणि रॉकेलनं वंगण मरतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. अमेरिकेत पंपाची वाट कारखान्यात लागली. आपल्याकडे ती कोपऱ्यावरही लावता येते.

मग करायचं काय? अमेरिकेत भाऊ, भाचा, मेहुणा असेल आणि तो हौसेनं जुनी डिझेल पिकअप घेत असेल, तर त्याला रंग, सीट आणि स्पीकर बघण्याआधी पंप कोणता ते विचारायला सांगा. सीपी-४ निघाला तर घाबरायचं कारण नाही; सगळेच पंप मरत नाहीत. पण काहीशे डॉलरचं बायपास किट मिळतं. ते लावलं की पंप मेला तरी कीस इंजेक्टरांकडे न जाता टाकीकडे वळतो. पंप वाचत नाही, बाकीची दहा हजारांची व्यवस्था वाचते. फीड पंप नसेल तर चांगला बसवावा, डिझेलच्या दाबाचा काटा लावावा, फिल्टर वेळेआधी बदलावा, पाण्याचा दिवा लागला तर तो विझायची वाट बघू नये. आणि सीपी-३ चढवायचा असेल, तर तो पंप मरण्याआधी चढवावा. मेल्यावर चढवला तर जुन्या पंपाच्या पैशांत इंजेक्टरांचाही हिशेब मिळवावा लागतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात असा बदल करण्याआधी प्रदूषण खात्याची मंजुरी असलेलंच किट घ्यावं, नाहीतर पंप पास आणि गाडी नापास.

आणि आपण? आपल्याकडे कंपनीचा माणूस नव्या मॉडेलची चमकदार पुस्तिका उघडतो, तेव्हा आपण विचारतो, ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न त्याच्या फार सोयीचा असतो. उत्तर पाठ असतं. यापुढे एकच प्रश्न विचारा: ‘जुन्यात वाईट काय होतं?’ त्यानं पंप, नोझल किंवा गिअरबॉक्सचं ठोस कारण सांगितलं तर गाडी घ्या. तो नुसता हसला आणि चहा मागवला, तर चहा पिऊन घरी या. गाडी दोन वर्षांनी घ्या. तोवर जुना पंप परत आलेला असेल.